आधी गाव सांगा : आयर्लंडमधील पूर्वजशोधाच्या मोफत संकेतस्थळांविषयी अभिप्राय

आयर्लंडच्या शासनाने, तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने आणि अभिलेखागाराने जन्म, लग्न, मृत्यू, बाप्तिस्मा, जनगणना आणि जमीनधाऱ्याच्या जुन्या नोंदी इंटरनेटवर मोफत खुल्या केल्या आहेत, आणि गेले आठ महिने रात्रीची जेवणे उरकल्यावर मी त्या चाळत बसतो. आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई हे त्यांतील मुख्य शासकीय संकेतस्थळ असल्यामुळे हा अभिप्राय प्रामुख्याने त्याचा आहे. पण त्या एकट्यावर काम भागत नाही, म्हणून त्याच्या भावंडांविषयीही लिहावे लागेल. माझे मत आधीच सांगून टाकतो. पूर्वजाचे गाव हाती असेल तर या सोयीला तोड नाही, आणि गाव हाती नसेल तर एकाच नावाच्या शेकडो माणसांच्या गर्दीत आपण हरवतो. नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे आपल्या घराण्याची वही पाहायला गेलेल्यांना हे लगेच पटेल. तेथेही पहिला प्रश्न ‘गाव कोणते?’ हाच असतो, आणि त्याचे उत्तर येत नसेल तर कपाटभर वह्या समोर असूनही रिकाम्या हाताने परतावे लागते.

आमच्याकडे ते उत्तर नव्हते. माझ्या सासूबाईंचे खापरपणजोबा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात, पहिल्या बॉम्बे युरोपियन पलटणीत शिपाई होते. त्यांच्या पुढच्या पिढ्या खडकीत आणि पुण्याच्या कॅम्पात राहिल्या, हळूहळू घरातही मराठी बोलू लागल्या, आणि आयर्लंडची खूण म्हणून त्यांच्याकडे उरले ते एक आडनाव, मुलींच्या पिढ्यांतून फिरत राहिलेले नोरा हे नाव आणि एक न मिटलेला वाद. सासूबाईंच्या मते हे खापरपणजोबा कॉर्कचे होते आणि मामेसासऱ्यांच्या मते डब्लिनचे. गेली चाळीस वर्षे प्रत्येक नाताळच्या जेवणाला हा विषय निघतो आणि पुढच्या नाताळपर्यंत तसाच राहतो. आडनाव येथे देत नाही, पण ते मर्फी किंवा केली यांच्याइतकेच सर्रास आढळणारे आहे. ‘पाटील आडनावाचे एक गृहस्थ होते, बहुधा साताऱ्याकडचे’ एवढ्या माहितीवर कोणी शोधाला निघावे, तशी आमची अवस्था होती.

पहिली चूक माझीच. आपल्याला हे जमणार नाही असे ठरवून मी एका सशुल्क संशोधन सेवेकडे काम सोपवले आणि पाच आकडी रक्कम भरली. तीन महिन्यांनी सोनेरी कडांच्या कागदावर छापलेली वंशावळ, घराण्याचे मानचिन्ह म्हणून रंगीत ढाल आणि कॉर्क शहरातील एका बाप्तिस्म्याची प्रत आली. सासूबाईंनी ती ढाल चौकटीत बसवून घेतली. प्रत नीट वाचल्यावर लक्षात आले की त्या मुलाचे नाव आणि आडनाव जुळत होते, वयही साधारण जुळत होते, आणि तोच मुलगा पुढे शिपाई झाला याला मात्र कसलाही आधार दिलेला नव्हता. आम्ही अर्जात ‘बहुधा कॉर्क’ असे लिहिले होते, म्हणून कॉर्कमधला मुलगा शोधून दिला गेला होता. ढालीचेही तसेच आहे. मानचिन्ह विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिले जाते, आडनावाला नव्हे. त्यामुळे एका आडनावाच्या सगळ्यांनी एकच ढाल भिंतीवर लावावी याला काही अर्थ नाही. ढाल अजून भिंतीवर आहे. ती काढायला सांगण्याचे धाडस माझ्यात नाही.

यानंतर मी उलट्या बाजूने सुरुवात केली, आणि भारतात येऊन स्थायिक झालेल्या आयरिश शिपायाचा माग काढणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवीन. पलटण ठाऊक असेल तर आयर्लंडच्या संकेतस्थळांवर जाण्यापूर्वी लष्कराची कागदपत्रे पाहावीत. १८३० च्या सुमारास ब्रिटिश लष्करातील चाळीस टक्क्यांहून अधिक शिपाई आयरिश होते आणि कंपनीच्या गोऱ्या पलटणींतही त्यांचा भरणा मोठा होता. या माणसांविषयी त्यांच्या गावच्या पाद्र्याने जेवढे लिहून ठेवले नाही तेवढे लष्करी कारकुनांनी लिहून ठेवले आहे. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, लग्ने आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती तेव्हा लंडनला पाठवल्या जात आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. फाइंडमायपास्ट या सशुल्क संकेतस्थळावर त्यांच्या प्रतिमा पाहता येतात, आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेची सूची मोफत शोधता येते. तेथे खापरपणजोबांच्या लग्नाची नोंद सापडली. नवऱ्या मुलाचे नाव, हुद्दा, पलटण आणि वडिलांचे नाव ‘जॉन’ एवढे तीत होते. गाव नव्हते.

गाव सापडले ते सेवामुक्तीच्या कागदात. कंपनीची युरोपियन फौज राणीच्या लष्करात सामावून घेतल्यानंतर ही पलटण १८६२ मध्ये १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युसिलियर्स झाली, आणि निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडणाऱ्या शिपायांचे कागद इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात क्यू येथे ठेवले गेले. त्या छापील नमुन्यात एक वाक्य असते आणि त्यात तीन जागा कोऱ्या सोडलेल्या असतात: अमुक पॅरिशमध्ये, अमुक गावात किंवा गावाजवळ, अमुक काउंटीत जन्म. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा परिसर आणि काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. आमच्या कागदावर पॅरिशच्या जागी कारकुनाने ओढलेली आडवी रेघ होती, गावाच्या जागी ‘नीना’ आणि काउंटीच्या जागी टिपरेरी. खाली उंची, तपकिरी केस, राखाडी डोळे, धंदा मजुरी. सासूबाईंनी ‘राखाडी डोळे’ हे दोन शब्द तीनदा वाचायला लावले, कारण त्यांच्या वडिलांचे डोळे तसेच होते.

कॉर्क आणि डब्लिन या दोन्ही आठवणी मग कोठून आल्या, याचा उलगडाही त्याच सुमारास झाला. लंडनला राहणाऱ्या माझ्या भाच्याने ब्रिटिश लायब्ररीत जाऊन कंपनीच्या भरतीच्या नोंदवहीचे पान पाहिले; त्यात जन्म टिपरेरीचा आणि भरती कॉर्कची होती. जेथे शिपायाने सही केली, किंवा त्यांच्या बाबतीत फुली मारली, ते शहर घरच्यांच्या लक्षात राहिले आणि जेथे ते वाढले ते गाव विसरले गेले. डब्लिनची गोष्ट आणखी सरळ आहे. १८८१ मध्ये हीच १०३ वी पलटण मद्रासच्या १०२ व्या पलटणीशी जोडली गेली आणि दोघींची मिळून रॉयल डब्लिन फ्युसिलियर्स झाली. खापरपणजोबा तोवर केव्हाच निवृत्त झाले होते, पण ‘आमच्या पलटणीचे नाव डब्लिन’ असे पुढच्या पिढीने ऐकले आणि माणसालाच डब्लिनचा करून टाकले. मामेसासऱ्यांना हे अजून मान्य नाही.

‘नीनाजवळ, टिपरेरी’ हे हाती आल्यावर आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उपयोगी पडले. या संकेतस्थळावर नागरी नोंदींची सूची तर आहेच, शिवाय मूळ रजिस्टरच्या पानाची प्रतिमाही पैसे न देता उघडता येते. जन्माच्या नोंदी शंभर वर्षांनी, लग्नाच्या पंचाहत्तर वर्षांनी आणि मृत्यूच्या पन्नास वर्षांनी खुल्या होतात. शोध घेण्यापूर्वी स्वतःचे नाव भरून एका कायदेशीर घोषणेपुढे खूण करावी लागते. पहिल्या दिवशी हे विचित्र वाटते, नंतर हात आपोआप चालतो. मोठी मर्यादा काळाची आहे. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्म-मृत्यूची सक्तीची नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिकेतर लग्ने तेवढी १८४५ पासून नोंदली जात. १८२० च्या दशकात जन्मलेल्या माणसाचा जन्म येथे सापडणार नाही, हे न ओळखता मी दोन रात्री वाया घालवल्या. मात्र त्यांचे आईवडील १८६४ नंतर वारले असतील तर ते येथे असणार, आणि शोधाची ही वाट मला कोणी सांगितली नव्हती, ती चाचपडतच सापडली.

येथे एक इशारा दिला पाहिजे. शोधाच्या चौकटीत जो जिल्हा निवडायचा असतो तो नोंदणीचा जिल्हा आहे, काउंटी नव्हे. गरिबांसाठीच्या कायद्याखाली जे विभाग पाडले गेले होते तेच पुढे नोंदणीसाठी वापरले, आणि ते बाजाराच्या गावाभोवती आखलेले असल्यामुळे काउंटीची हद्द बिनदिक्कत ओलांडतात. नीना हा नोंदणीचा जिल्हा निवडून, वडिलांचे नाव घालून, १८६४ नंतरचे मृत्यू शोधले, तर त्या नावाचे दोन वृद्ध शेतकरी समोर आले, एक १८७२ मध्ये वारलेला आणि दुसरा १८७७ मध्ये. आयर्लंडच्या त्या काळच्या मृत्यूनोंदीत मृताच्या आईबापांची नावे नसतात, जन्मगाव नसते आणि वय बहुधा शेजाऱ्याने अंदाजे सांगितलेले असते. दोघांचीही वये मला पाचाच्या पाढ्यात बसवलेली वाटली. पण मृत्यू कोणत्या टाउनलँडमध्ये झाला हे लिहिलेले असते, आणि सगळी किल्ली तेथेच आहे. टाउनलँड म्हणजे स्वतःचे नाव असलेला आयर्लंडमधला जमिनीचा सर्वांत लहान तुकडा, आपल्या वाडीएवढा किंवा त्याहूनही लहान. असे साठ हजारांहून अधिक तुकडे त्या लहानशा बेटावर आहेत आणि तीच ती नावे वेगवेगळ्या काउंट्यांत पुन्हा पुन्हा येतात.

टाउनलँड मिळाला की ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनकडे जावे. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेली आणि १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेली ही जमीन व घरांची मूल्यांकन यादी आस्कअबाउटआयर्लंड या संकेतस्थळावर नकाशांसह मोफत आहे. हे संकेतस्थळ दिसायला जुनाट आहे, पण या सगळ्या सामग्रीत माझे सर्वांत आवडते तेच. कूळ कोण, मालक कोण, जमीन किती, घराची वार्षिक किंमत किती शिलिंग, हे सगळे एका ओळीत असते. आणि एकाच टाउनलँडमध्ये एका नावाची दोन माणसे असली तर नावापुढे कंसात वडिलांचे नाव किंवा टोपणनाव घातलेले आढळते. आमच्या दोन जॉनपैकी एकापुढे कंसात ‘मायकेल’ होते. वडिलांचे नाव मधे घालून स्वतःचे नाव लिहिण्यात ज्यांचा जन्म गेला त्या आपल्यासारख्यांना हा कंस चटकन कळतो. इंग्रजी मार्गदर्शिका वाचून गोंधळलेल्या माझ्या भाच्याला सासूबाईंनीच तो समजावला.

बाप्तिस्म्यासाठी मात्र आयरिशजिनिऑलॉजी सोडून बाहेर पडावे लागले. त्यावर चर्चच्या नोंदीही आहेत, पण त्या डब्लिन शहर, केरी, कार्लो आणि कॉर्कचा काही भाग एवढ्यापुरत्या. टिपरेरी त्यांत नाही. तुमचा पूर्वज केरीचा निघाला तर नशीब काढले म्हणायचे. इतरांसाठी राष्ट्रीय ग्रंथालयाने जुलै २०१५ मध्ये देशभरातील कॅथलिक पॅरिशच्या नोंदवह्या, साधारण १८८० पर्यंतच्या, मोफत खुल्या केल्या. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर नावाची सूची नाही, फक्त पानांच्या प्रतिमा आहेत, आणि त्याही १९५० च्या दशकापासून काढलेल्या काळ्या-पांढऱ्या सूक्ष्मपटावरून (मायक्रोफिल्मवरून) घेतलेल्या. त्यामुळे ओलीने पसरलेली शाई आणि मूळ पानावरचा डाग यांतला फरक पडद्यावर कळत नाही. नकाशावर पॅरिश निवडायची, वर्ष आणि महिना निवडायचा आणि ओळीमागून ओळ वाचत जायचे. काही पाद्री लॅटिनमध्ये लिहीत, तेव्हा जेम्सचा जेकोबस होतो आणि विल्यमचा गुलिएल्मस. मला हे काम आवडले. मोडी कागद वाचणाऱ्यांकडून ऐकले होते की एका हस्ताक्षराशी आठ दिवस घरोबा केला की ते बोलू लागते, त्याचा प्रत्यय येथे आला. एका पाद्र्याचा ‘एच’ ओळखायला मला पाच रात्री लागल्या आणि सहाव्या रात्री होनोरा सापडली.

घरातले नोरा हे नाव मूळचे होनोरा, म्हणून हा शोध महत्त्वाचा होता. नीनाजवळच्या दोन लगतच्या पॅरिशमध्ये, तीन वर्षांच्या अंतराने, खापरपणजोबांच्या नावाची दोन मुले बाप्तिस्मा घेताना दिसतात. दोघांच्याही वडिलांचे नाव जॉन, एकाची आई होनोरा आणि दुसऱ्याची मार्गारेट. थोरल्या मुलाला वडिलांकडच्या आजोबांचे नाव आणि मुलींना आज्यांची नावे ठेवण्याची रीत आयर्लंडमध्ये होती, आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवणाऱ्या आपल्या घरांत ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. खापरपणजोबांची थोरली मुलगी नोरा होती. यावरून पहिला मुलगा आपला, असे सासूबाईंनी त्याच रात्री जाहीर केले. मी अजून तसे म्हणत नाही, कारण होनोरा हे त्या भागात आपल्याकडच्या लक्ष्मीइतके चालू नाव होते आणि शिपायाच्या बायकोच्या आईचे नाव आम्हाला ठाऊक नाही.

जनगणनेविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे फार काही उरलेलेच नाही. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे घरोघरचे कागद अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत आणि उत्तम स्थितीत आहेत. फक्त १९११ मधली वये जपून वाचावीत, कारण १९०९ पासून सत्तरीनंतर आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन मिळू लागल्यावर अनेकांची वये दहा वर्षांत पंधरा वर्षांनी वाढली. त्याआधीच्या जनगणनांपैकी १८२१ ते १८५१ च्या बहुतेक सगळ्या ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सार्वजनिक अभिलेखागार जळाले तेव्हा गेल्या. १८६१ आणि १८७१ च्या सरकारनेच नष्ट केल्या होत्या, आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी गेल्या. जळण्यापूर्वीच्या काही वर्षांत मात्र एक अनपेक्षित गोष्ट घडली. निवृत्तिवेतन मागणाऱ्या वृद्धांकडे जन्माचा दाखला नसल्यामुळे त्यांची वये १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत शोधली गेली, आणि त्या शोधाचे अर्ज वेगळे ठेवले असल्यामुळे वाचले. ते आता अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. ज्या घराची चौकशी झाली त्या घराचा टाउनलँड, आईबापांची नावे आणि काही वेळा भावंडांची यादीही त्यात असते. या अर्जांविषयी आपल्याकडे कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही, आणि या सगळ्या सामग्रीत सर्वांत कमी वापरली जाणारी, तरीही सर्वांत कामाची गोष्ट तीच आहे असे माझे मत झाले आहे.

त्यांतच होनोराच्या घराचा एक अर्ज निघाला, धाकट्या मुलाने सत्तरी गाठल्यावर केलेला. १८५१ चे घर त्यात उतरवले आहे: जॉन, होनोरा, तीन मुले. आमचे खापरपणजोबा त्या यादीत नाहीत, आणि तोवर ते मुंबईला पोहोचलेले असल्यामुळे ते असायलाही नकोत. १८५१ च्या मूळ नमुन्यात घरापासून दूर असलेल्या कुटुंबीयांसाठी वेगळा तक्ता होता. अर्ज तपासणाऱ्या कारकुनाला त्या तक्त्याशी कर्तव्य नव्हते, म्हणून त्याने तो उतरवला नाही, आणि पाच-दहा वर्षांत मूळ कागद जळाला. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग एवढेच म्हणाल्या, “म्हणजे त्याच्या आईने नाव लिहायला लावले असणार.”

खर्चाचा हिशेब विचारणाऱ्यांसाठी: वर सांगितलेल्या आयरिश संकेतस्थळांवर मी एक रुपयाही भरला नाही. लष्कराच्या आणि इंडिया ऑफिसच्या नोंदींसाठी सशुल्क संकेतस्थळाचे एका महिन्याचे सदस्यत्व घेतले, आधी यादी तयार ठेवून सगळे कागद त्याच महिन्यात उतरवून घेतले आणि आपोआप होणारे नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद केले. टिपरेरीसह बहुतेक काउंट्यांच्या चर्चनोंदींची नावनिहाय सूची रूट्सआयर्लंड या सशुल्क संकेतस्थळावर आहे. ज्यांना पाच रात्री एका ‘एच’शी झगडायचे नाही त्यांनी खुशाल तेथे महिनाभर पैसे भरावेत. पूर्वज उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांतील असेल तर १९२२ पूर्वीच्या नागरी नोंदी आयरिशजिनिऑलॉजीवरच मिळतात आणि नंतरच्यांसाठी बेलफास्टच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर पैसे भरावे लागतात. मराठी वाचकाला इंग्रजीची अडचण येणार नाही, अडचण येईल ती हस्ताक्षराची, आणि हे सगळे मोबाइलच्या लहान पडद्यावर करू नये.

तारे द्यायचेच तर आयरिशजिनिऑलॉजीला पाचपैकी साडेचार, ग्रिफिथला पाच, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नोंदवह्यांना चार. मार्गारेटच्या मुलाचे पुढे काय झाले हे पाहायचे राहिले आहे. तो नीनातच लग्न करून राहिलेला दिसला तर दोन जॉनचा प्रश्न सुटेल, आणि त्या पॅरिशची १८४५ नंतरच्या लग्नांची वही मी कालपासून उघडली आहे. पहिल्या चाळीस पानांत तो नाही.